पाऊण

तक्ता मी स्वतः रंगवला होता,
मे महिन्यात, कोरेगावला, पडवीत पालथी पडून.
ऊ उसाचा. ख खळ्याचा. औ औताचा.
औताचा फाळ असा काही उतरला
की भाऊ म्हणाला, मातीचा वास येतोय गं.

जूनला तो ट्रॉम्बेच्या शाळेत आणला,
दुसरा मजला, खोली चौदा.
चौथीच्या वर्गात अजून मुळाक्षरं लावावी लागतात,
ते दुःख वेगळं.
खिडकीबाहेर खारफुटी, त्यापलीकडे खाडी,
आणि वाऱ्यावर कोणाच्या तरी वलांडीवरचे बोंबील.

पोरं म्हणायची एका सुरात,
औ औताचा, औ औताचा.
दिवाळीनंतर कधीतरी सहज विचारलं,
औत म्हणजे काय रे?
यल्लप्पा देवकर उठला. त्याचे वडील पाया खणतात.
म्हणाला, बाई, जेसीबीचा भाऊ.
मी हसले. मग घरी जाताना
बसमध्ये हसू येईना.

जानेवारीत अपूर्णांक.
तीन छेद चार.
पुस्तकातला केक कापून झाला,
मी आणलेली भाकरी कापून, खाऊनही झाली,
फळा पुसून खडूची धूळ माझ्या केसांत.
जागृती वैती खिडकीतून बाहेर बघत होती.
जागृती, लक्ष कुठंय?
पाणी बघते, बाई. चवथ आहे ना, तीनला भरणार.
तुला कसं कळलं?
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी औत न ओळखणाऱ्याकडे पाहिलं होतं.
तिथीची पाऊणकी करायची, बाई.
चार पाऊण तीन. आठ पाऊण सहा.
माझी आत्या बोटांवर करते, बोलता बोलता, मासळी निवडताना.

मी खडू तिच्या हातात दिला.
खाली बसले, तिच्याच बाकावर,
गुडघे मावेनात.

त्या शनिवारी तक्ता उलटा केला.
मागची बाजू कोरी.
ब बोंबलाचा, यावर भांडण झालं नाही.
न निवटीचा, यावर झालं,
कारण निवटी मासा की बेडूक, हे ठरेना.
फ फावड्याचा यल्लप्पानं काढला,
दांड्यावर वडिलांचं नाव, चुकीच्या वेलांटीचं. राहू दिली.
शाहुल हमीद वर्षभर गप्प बसलेला पोरगा,
घरी तमिळ, गल्लीत हिंदी, इथे काहीच नाही.
ळ म्हणताना अर्ध्या वर्गाचा ल होतो.
तो उठला आणि म्हणाला, ळ.
नितळ. माझ्या आईसारखा.
पुन्हा म्हण, म्हटलं. म्हणाला.
मग सगळे त्याच्या तोंडाकडे बघत
जीभ मागे दुमडायला शिकले.

केंद्रप्रमुख आले, चष्मा वर करून म्हणाले,
मॅडम, मान्यताप्राप्त तक्ता कुठाय?
मागे आहे, सर, मी म्हटलं. खरंच होतं.
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.
काय, ते अजून कळलेलं नाही.

ण मात्र कितीतरी दिवस रिकामा होता.
ण बाणाचा कोणालाच नको.
शब्दाच्या सुरुवातीला उभंच राहता येत नाही बिचाऱ्याला,
म्हणून सगळ्यांना त्याची दया.
एका सकाळी त्या चौकोनात चित्र दिसलं,
एक होडी, तीन भाग पाण्यात, एक भाग चिखलात.
खाली जागृतीच्या अक्षरात:
ण पाऊणचा.

आज हजेरी घेतली. पटावर चाळीस, हजर तीस.
बाकीचे कुठे?
बाई, अष्टमी. बाराला सुकती. शिंपल्या वेचायला गेलेत.
रागवायला हवं होतं.
मी फळ्यावर लिहिलं, तीस छेद चाळीस.
एकदम ओरडले तिघंचौघं, पाऊण!

उद्या नवमी.
गणिताचा तास
पाऊण तासानं पुढे ढकललाय.